मंडईची पहिली फेरी

पुण्याच्या शुक्रवार पेठेतली महात्मा फुले मंडई हा शहराच्या जुन्या भागातला फळे-भाज्यांचा मुख्य किरकोळ बाजार. दगडी इमारतीतले ओटे, इमारतीभोवतीच्या पथाऱ्या आणि हातगाड्या, हाकेच्या अंतरावरची तुळशीबाग, तिच्यापलीकडचा लक्ष्मी रस्ता आणि रविवार-बुधवार पेठांतल्या आळ्या मिळून ही बाजारपेठ होते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नव्याने पुण्यात आलेली मुले-मुली चौघे-पाच जण जमवून दिवाळीच्या तोंडावर इथे पहिल्यांदा येतात. पहिल्या फेरीत त्यांना गर्दी दिसते, आरोळ्या ऐकू येतात आणि कुठून सुरुवात करावी हे समजत नाही. प्रत्यक्षात या बाजारात प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा आहे, ठरलेली वेळ आहे आणि तिचा भाव तसा असण्याला कारण आहे. ते कारण ओळखणाऱ्या गिऱ्हाइकाला चांगला माल मिळतो आणि विकणाऱ्याच्या पदरातही कष्टाचे मोल पडते.

इमारत आणि तिचे नाव

मंडई उभी राहण्यापूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भरत असे. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ आणि सांडपाण्याची कसलीही सोय नाही, अशा जागी रोजचे अन्न विकले जाई. नगरपालिकेने छप्पर असलेला पक्का बाजार बांधायचे ठरवले आणि १८८६ मध्ये नवी इमारत खुली झाली. तेव्हाचे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला ‘रे मार्केट’ असे नाव मिळाले. आराखडा वॉल्टर ड्यूकॅट या लष्करी अभियंत्याचा आणि बांधकाम रावसाहेब वासुदेव बापूजी कानिटकर यांचे.

या बांधकामाला नगरपालिकेत ठाम विरोध करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८७६ पासून काही वर्षे ते पालिकेचे सभासद होते. गोरगरिबांच्या शिक्षणासारखी निकडीची कामे पडून असताना बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा घालणे त्यांना मान्य नव्हते. शेतमाल आणि त्याचा व्यापार हा फुल्यांच्या घरचाच विषय होता. फुलांच्या धंद्यावरूनच त्यांच्या घराण्याला ते नाव पडले होते, आणि शेतकऱ्याच्या नागवणुकीची सविस्तर मांडणी करणारे ‘शेतकऱ्याचा असूड’ हे पुस्तक त्यांनी १८८३ मध्ये लिहिले. पुढे आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने याच बाजाराला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. पिकवणारा आणि खाणारा जिथे एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात, त्या जागेला शेतकऱ्याची बाजू मांडणाऱ्या माणसाचे नाव असणे सर्वथा उचित आहे.

इमारतीची रचना कामाच्या सोयीची आहे. मधोमध उंच अष्टकोनी मनोरा आहे आणि तिथून चहूकडे लांब पाखे पसरले आहेत. कुठल्याही बाजूने आत शिरले तरी वाट मध्यभागी येते, त्यामुळे चुकलेल्या माणसाने मनोऱ्याच्या दिशेने चालू लागावे. उंच छपरामुळे गरम हवा वर जाते आणि पालेभाजीला लागणारा गारवा खाली टिकतो. विक्रेते जमिनीपासून उंच बांधलेल्या ओट्यांवर बसतात. माल उतरत्या ढिगाने पुढे रचलेला असतो, म्हणून उभ्या गिऱ्हाइकाला न वाकता तो पाहता येतो आणि खालच्या ओलीपासून भाजीही सुरक्षित राहते.

मंडईजवळ लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२४ मध्ये पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. येथील अखिल मंडई मंडळाचा शारदा-गजानन हा पुण्याच्या मानाच्या गणपतींइतकाच लोकप्रिय असून या उत्सवाची परंपरा १८९४ पासूनची आहे. शेजारच्या चौकाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळ गावचे हे गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे झाले आणि चिरडले गेले. विकत घ्यायची वस्तू कुठून येते आणि तिचा पैसा कुणाकडे जातो, हा प्रश्न ज्यांनी प्राणांच्या मोलाने विचारला त्यांचे नाव बाजारपेठेतल्या चौकाला आहे.

माल इथवर कसा येतो

एके काळी मंडईच्या परिसरात घाऊक व्यापारही चालत असे. शहर वाढले, मालमोटारींना अरुंद पेठांत शिरणे अशक्य झाले आणि घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. आता मंडईतल्या विक्रेत्याचा दिवस तिथे सुरू होतो, तोही उजाडण्यापूर्वी. जिल्ह्याच्या तालुक्यांतून रात्री निघालेल्या गाड्या यार्डात रिकाम्या होतात. अडत्याच्या गाळ्यावर माल लागतो, त्याची प्रत पाहून भाव फुटतो, हमाल पोती आणि क्रेट उचलतात, आणि किरकोळ विक्रेते आपापला माल टेम्पोत भरून शहरात पांगतात.

पूर्वी फळे आणि भाज्या विकताना अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला आणि अडतीचा भार शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकला. तोलाई आणि हमाली करणाऱ्यांना १९६९ च्या माथाडी कायद्याचा आधार मिळाला. त्या कष्टकऱ्यांच्या संघटनेचे मोठे काम पुण्यातच झाले. डॉ. बाबा आढाव यांनी उभारलेली हमाल पंचायत आणि तिने चालवलेली ‘कष्टाची भाकर’ ही केंद्रे यांनी ओझे वाहणाऱ्या माणसाला हक्क दिला आणि पोटभर, परवडणारे जेवणही दिले. मंडईच्या ओट्यावर मांडलेल्या प्रत्येक ढिगामागे शेतकरी, चालक, अडत्या, हमाल आणि विक्रेता अशी किमान पाच माणसांची साखळी असते. भावात या सगळ्यांचा वाटा असतो, आणि वाटेत सडलेल्या, चेंगरलेल्या मालाची घटही त्यातच धरलेली असते.

ओटा, काटा आणि भाव

मंडईत एका प्रकारचा माल एका रांगेत मिळतो. कांदा-बटाटा आणि लसूण-आले एकीकडे, फळभाज्या दुसरीकडे, पालेभाज्या वेगळ्या आणि फळांचे गाळे आणखी वेगळे. नवख्या माणसाला शेजारी-शेजारी तीच वस्तू विकणारी माणसे पाहून नवल वाटते. खरा फायदा मात्र त्याचाच असतो. चार पावलांत चार भाव कळतात, चार प्रती दिसतात आणि कुठल्याही एका विक्रेत्याला फार चढा भाव लावता येत नाही. म्हणून पहिली रांग पूर्ण चालून जावी, भाव विचारावेत आणि परतताना घ्यावे, हा मंडईतल्या खरेदीचा पहिला धडा.

मोजण्याच्या रीतीही वस्तूगणिक बदलतात. वांगी, टोमॅटो, गवार, भेंडी किलोवर. मेथी, शेपू, चुका, कोथिंबीर जुडीवर. लिंबे आणि नारळ नगावर. केळी आणि आंबे डझनावर. मिरची-आले-कढीपत्ता यांचा कधी वाटा लावलेला असतो. शेर-पायलीची मापे दशमान पद्धती आल्यावर, १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून, हळूहळू व्यवहारातून गेली. आता वजनकाट्याची ठरावीक मुदतीने पडताळणी करून त्यावर शासकीय मुद्रा घेणे बंधनकारक आहे. तराजू असो की इलेक्ट्रॉनिक काटा, माल ठेवण्यापूर्वी तो शून्यावर आहे का, हे पाहणे गिऱ्हाइकाचा हक्क आहे. चोख व्यवहार करणाऱ्या विक्रेत्याला त्याचा राग येत नाही.

घासाघीस कुठे करावी आणि कुठे करू नये, हे वस्तूच्या टिकाऊपणावर ठरते. कांदा-बटाटा पोत्यात दिवसचे दिवस राहतो. त्यावर नफा थोडा असतो आणि भाव सगळीकडे जवळपास सारखाच, तेव्हा तिथे हुज्जत घालून हाती फारसे लागत नाही. पालेभाजीचे तसे नाही. सकाळी टवटवीत असलेली जुडी संध्याकाळी मान टाकते आणि दुसऱ्या दिवशी तिचे काहीच येत नाही. म्हणून दिवस कलला की विक्रेता आपणहून भाव उतरवतो. सकाळी निवडक, ताजी भाजी जरा चढ्या भावाने मिळते, संध्याकाळी तीच स्वस्त मिळते पण पाहून घ्यावी लागते. फळांत प्रतवारी महत्त्वाची. एकाच ढिगातली दोन फळे आकार, पक्वता आणि डाग यांनुसार वेगळ्या किमतीची असतात. आंबा, चिकू, सीताफळ दाबून पाहू नये, दाबलेल्या जागी फळ काळे पडते आणि ते नुकसान विक्रेत्याच्या माथी बसते. ‘आज खायचे की चार दिवसांनी?’ हा त्याचा प्रश्न खरे उत्तर देण्यासारखा असतो, कारण त्या उत्तरावरच तो फळ निवडून देतो.

मंडईतली बोली सरळ आहे. ‘मावशी, मेथी कशी दिली?’ असे विचारले की भाव येतो, आणि त्यामागोमाग ‘दोन घे ताई, कमी लावते’ हेही येते. वयस्क विक्रेतीला मावशी किंवा आजी, पुरुषाला काका किंवा दादा म्हणण्याची रीत आहे. समोरूनही ताई, दादा, बाळा अशीच हाक येते. सकाळच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. भवानीच्या वेळी भाव करून तसेच निघून जाणे विक्रेत्यांना रुचत नाही. घ्यायचे नसेल तर त्या घटकेला नुसते पाहावे. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आता जुडी विकणाऱ्या आजींकडेही असते, तरी गर्दीच्या वेळी सुटे पैसे जवळ असले तर दोघांचाही वेळ वाचतो.

वर्षाचे चक्र

मंडई पाहायची तर कोणत्या महिन्यात पाहतो आहोत याला महत्त्व आहे. पुण्याभोवतीची शेती, कोकण, घाटमाथा आणि सोलापूर-नाशिकचा पट्टा हे सारे ऋतुमानाप्रमाणे इथे येऊन जातात. चैत्रात कैऱ्या आणि हापूसच्या पेट्या, वैशाखात करवंदे, जांभळे आणि फणस. वटपौर्णिमेला वाणाच्या पाच फळांचे वाटे लागतात. पाऊस पडला की मावळातून आणि घाटावरून रानभाज्या येतात: टाकळा, कुर्डू, कर्टुली, भारंगी. त्या विकणाऱ्या बायका बहुतेक इमारतीबाहेर टोपली घेऊन बसतात, आणि भाजी कशी निवडावी, कशी उकडून पाणी टाकावे हे विचारल्यावर हौसेने सांगतात. ऋषिपंचमीच्या आधी बैलाच्या श्रमाविना पिकलेल्या भाज्यांना मागणी असते. गणपतीत पत्री, दूर्वा, केवडा. दसऱ्याला झेंडू आणि आपट्याची पाने.

थंडीबरोबर पुरंदर तालुक्याचा मोसम रंगतो. सीताफळ पावसाळ्याच्या शेवटापासून येत असते, त्यात सासवडच्या मटाराची भर पडते आणि पुढे अंजीर येते. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, नागपूरची संत्री, सोलापूरची डाळिंबे, जळगावची केळी यांनाही ते मिळालेले आहे. मानांकनाचे नाव लावून भलताच माल विकला जाऊ शकतो, म्हणून हंगाम ठाऊक असणे हीच खरी कसोटी: भर पावसाळ्यात ‘कोकणचा हापूस’ मिळत असेल तर शंका घ्यावी. पौषात, भोगीच्या आदल्या दिवशी, वांगी, गाजर, पावटा, घेवडा, ओला हरभरा, बोरे आणि उसाची कांडे एकत्र मांडलेली दिसतात. भोगीच्या भाजीत त्या दिवसांत शेतात जे जे असते ते सारे येते, त्यामुळे तो एक दिवस साऱ्या शिवाराचे पीक मंडईत दाखवतो.

दिवाळीचा आठवडा हा या चक्राचा सर्वांत गजबजलेला भाग. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याखाली फोडायची कारिटे, लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्तासे, केरसुणी, बोळकी, पणत्या, झेंडूचे ढीग, उटणे आणि रांगोळी यांच्या पथाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना लागतात. मुलांच्या किल्ल्यांसाठी मातीचे मावळे आणि सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज याच दिवसांत येतात. पणत्या करणारे कुंभार, केरसुण्या बांधणारी कुटुंबे, फुले काढणारे शेतकरी यांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा या थोड्या दिवसांवर असतो. या खरेदीत पाच-दहा रुपयांसाठी ताणू नये, असे जुनी माणसे सांगतात आणि ते योग्यच आहे.

तुळशीबाग आणि भोवतालच्या आळ्या

मंडईतून तुळशीबागेत गेले की खाण्याच्या वस्तू संपतात आणि संसाराच्या सुरू होतात. बागेचा मध्य म्हणजे राममंदिर. सरसुभेदार नारो आप्पाजी खिरे, पुढे तुळशीबागवाले, यांनी १७६१ मध्ये त्याचे काम सुरू केले. मंदिराच्या आवारात आणि भोवती भांड्यांची, पूजासाहित्याची दुकाने वाढत गेली. समया, निरांजने, ताम्हन, पळी-पंचपात्र, देवांच्या मूर्ती इथे पिढ्यान् पिढ्या विकल्या जातात. पितळ-तांब्याच्या वस्तूंचा भाव वजनावर आणि घडणीवर ठरतो. म्हणून भांडे हातात घेऊन जडपणा पाहावा, झाळलेले सांधे तपासावेत आणि वजनाचा भाव विचारावा.

तुळशीबागेची दुसरी ओळख भातुकली. चूल, पाटा-वरवंटा, जाते, बंब, परात अशी बोटभर भांडी इथे मिळतात. मराठी घराचे जुने स्वयंपाकघर जवळपास पूर्णच्या पूर्ण या लहान आकारात टिकून आहे. तिसरी ओळख अरुंद गल्ल्यांतल्या साज-शृंगाराची: कानातली, बांगड्या, नथी, टिकल्या, केसांच्या क्लिपा, पर्सा. दिवाळीआधी चकलीचे सोरे, शंकरपाळ्यांची कातणे, पुरणयंत्रे, रांगोळीचे ठसे आणि चाळण्या पुढे मांडलेल्या असतात. सोऱ्या घेताना दांडा फिरवून पाहावा आणि चकत्या घट्ट बसतात का ते तपासावे. गल्लीतल्या पथारीवर घासाघीस चालते, जुन्या दुकानांत बहुधा एकच भाव असतो.

एकाच मालाची दुकाने एकत्र असण्याची मंडईतली रीत सगळ्या पेठांत दिसते. रविवार पेठेत बोहरी आळीत लोखंडी सामान, अवजारे आणि घरदुरुस्तीच्या वस्तू. बुरूड आळीत बांबूच्या टोपल्या, सुपे, परड्या. कसब्यात तांबट आळीत हाताने ठोकलेली तांब्याची भांडी. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत विजेचे सामान. अप्पा बळवंत चौकात पुस्तके. लक्ष्मी रस्त्यावर कापड आणि सोने. कारागीर आणि व्यापारी जवळ राहिल्याने कच्चा माल एकत्र आणता आला, हुन्नर शेजाऱ्याकडून शेजाऱ्याला मिळाला आणि गिऱ्हाइकाला आळीचे नाव पुरेसे झाले.

चौघांनी मिळून जाताना

मंडईपर्यंत जाणे आता सोपे झाले आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाला आणि त्यावर मंडई हे स्थानक आहे. वाहन घेऊन येणाऱ्यांसाठी आर्यन आणि मिनर्व्हा या नावांची वाहनतळे आहेत. दोन्ही नावे त्या जागी पूर्वी असलेल्या चित्रपटगृहांची. सणासुदीत वाहनतळ लवकर भरतात, तेव्हा मेट्रो किंवा बस बरी.

मित्रांच्या टोळक्याने आधी भेटीची जागा ठरवून घ्यावी. टिळकांचा पुतळा किंवा राममंदिराचे आवार सर्वांना सापडते. गर्दीत फोन ऐकू येत नाही, म्हणून वेळही ठरलेली असावी. तुळशीबागेच्या गल्ल्यांत चौघांनी एका ओळीत चालल्यास वाट अडते आणि हमालाला डोक्यावरचे ओझे घेऊन थांबावे लागते. दोघा-दोघांनी पुढेमागे चालावे. भाव एकानेच करावा. चौघे एकदम बोलू लागले की विक्रेता गोंधळतो आणि सौदा मोडतो. बाकीच्यांनी तोवर शेजारच्या ओट्यावरची प्रत पाहून यावे.

एकत्र जाण्याचा खरा लाभ वाटणीत आहे. आंब्याची पेटी, मटाराचे पोते, डाळिंबाचा क्रेट एकट्याला जास्त होतो. चौघांनी मिळून घेतला तर घाऊकाजवळचा भाव पडतो आणि काही वाया जात नाही. वेगवेगळ्या जिल्ह्यांतले मित्र असतील तर ज्ञानाचीही वाटणी होते: कोकणातल्या मुलाला आंबा कळतो, खानदेशातल्या मुलीला भरताचे वांगे, सोलापूरच्याला ज्वारी आणि डाळिंब.

फेरीचा क्रमही ठरवता येतो. आधी तुळशीबाग आणि आळ्यांतली न नासणारी खरेदी, मग थोडा विसावा, आणि शेवटी मंडई. म्हणजे भाजी हातात घेऊन तासन् तास हिंडावे लागत नाही. पिशव्या कापडी असाव्यात. जड माल खाली, टोमॅटो आणि पालेभाजी वर. कुणाचे छायाचित्र काढायचे असेल तर आधी विचारावे. ओट्यावरची माणसे कामावर बसलेली असतात.

बाजार टिकवायचा तर

मंडईसमोर आज खऱ्या अडचणी आहेत. उपनगरे दूर गेली, घरपोच भाजी देणाऱ्या सेवा आल्या, पेठांतली जुनी कुटुंबे बाहेर पडली, आणि विक्रेत्यांची पुढची पिढी ओट्यावर बसेलच याची खात्री नाही. पथारीवाल्यांना २०१४ च्या केंद्रीय कायद्याने उपजीविकेचे संरक्षण दिले. त्यानुसार नोंदणी, परवाना आणि विक्रीच्या जागा शहर फेरीवाला समितीच्या सहभागाने ठरवायच्या असतात. रस्ता मोकळा हवा ही पादचाऱ्याची मागणी आणि बसायला जागा हवी ही टोपलीवालीची मागणी, दोन्ही रास्त आहेत. त्यांचा मेळ जागेच्या नीट आखणीतूनच बसू शकतो. जुन्या इमारतीची निगा, स्वच्छतागृहे, ओल्या कचऱ्याची रोजची उचल आणि हमालांसाठी विसाव्याची जागा ही त्याच कामाची अंगे आहेत.

गिऱ्हाइकाच्या हाती असलेले काम याहून सोपे आहे. हंगामाचा माल हंगामात घ्यावा, काटा पाहावा, रास्त भाव द्यावा, ओळखीच्या ओट्यावर पुन्हा जावे. नेहमीच्या गिऱ्हाइकाला विक्रेता ‘आज ही नको, उद्या चांगली येईल’ असे आपणहून सांगतो. अशी ओळख एका फेरीत होत नाही. पहिली फेरी बाजाराची मांडणी समजण्यासाठी पुरते; दुसरी भोगीच्या आदल्या दिवशी करावी, तिसरी पावसाळ्यात रानभाज्यांच्या दिवसांत, म्हणजे वर्षभरात या बाजाराची बहुतेक ओळख होते.